विद्यापीठाच्या फाटकाआतले काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मी बसून तयार केलेले नाहीत. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी, ओजेटीसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणासाठी, दुकाने शोधत फिरणाऱ्या मुलांनी, वसतिगृहातल्या मावशींनी आणि कधीमधी एखाद्या प्राचार्यांनीसुद्धा ते मला पाठवले, पुन्हा पुन्हा पाठवले. म्हणून उत्तरे एका जागी लिहिली. ती मुख्यतः महाराष्ट्रातली सार्वजनिक विद्यापीठे आणि त्यांची संलग्न महाविद्यालये डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. खासगी संस्थांचा प्रश्न १८ मध्ये आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून बऱ्याच जुन्या कामगार कायद्यांची जागा चार श्रम संहितांनी घेतली. तरी लोकांच्या तोंडी जे नाव आहे तेच मी शक्यतो वापरले आहे.

१. 'प्रतिष्ठेचे काम' म्हणजे चांगल्या पगाराची नोकरीच ना?

पगार त्यात आहेच, पण तेवढ्यावर भागत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९९ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा तिच्यात चार गोष्टी धरल्या: मुळात काम मिळणे, कामावरचे हक्क, आजारपण आणि म्हातारपणाची सोय, आणि मालकासमोर बसून बोलता येणे. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत गाठायची १७ ध्येये ठरवली. त्यातल्या आठव्या ध्येयात प्रतिष्ठेचे काम आणि शाश्वत आर्थिक वाढ एकत्र आहेत.

मी लोकांना साधी खूण सांगते. घरात कुणी आजारी पडले आणि दोन दिवसांची सुट्टी मागायची वेळ आली, तर 'उद्यापासून येऊ नका' असे ऐकायला मिळेल ही भीती वाटते का? वाटत असेल, तर पगार कितीही असो, त्या कामात काहीतरी मोठे कमी आहे.

२. विद्यापीठाचे काम शिकवणे. रोजगाराची जबाबदारी सरकारची आणि उद्योगांची. मग विद्यापीठाला यात कशाला ओढायचे?

कारण विद्यापीठ स्वतः एक मोठा मालक आहे. प्राध्यापक, लिपिक, शिपाई, माळी, सुरक्षारक्षक, सफाई कामगार, खानावळीतले आचारी अशी शेकडो माणसे त्या आवारात राबतात. ते मोठा गिऱ्हाईकही आहे: कागद, संगणक, गाद्या, भाजी, बांधकाम, सगळे विकत घेते. आणि उद्या जे मालक, व्यवस्थापक, तलाठी, अभियंते होणार ते आज त्याच्या वर्गात बसले आहेत. त्यांना 'कामगाराशी कसे वागायचे' याचा पहिला धडा पुस्तकातून मिळत नाही, तो वसतिगृहाची फरशी पुसणाऱ्या बाईशी रेक्टर कसे बोलतात यातून मिळतो.

कायद्यातही आधार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये नवोपक्रम आणि उद्योगांशी दुवा जोडणाऱ्या मंडळाची तरतूद आहे, आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची आहे. अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांचे दहा निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. तुम्ही पदवीधर असाल तर नाव नोंदवा, मत द्या आणि तुमच्या प्रतिनिधीला अर्थसंकल्पाच्या बैठकीआधी कंत्राटी कामगारांविषयी प्रश्न द्या. फार थोडे लोक हे करतात.

३. आर्थिक वाढ झाली की कामाची स्थिती आपोआप सुधारते, असे आम्ही अर्थशास्त्रात शिकलो. तुम्ही दोन्ही वेगळे का धरता?

याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये स्थापन झाली. तिथले धनंजयराव गाडगीळ खोलीत बसून लेख लिहिणारे अर्थतज्ज्ञ राहिले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठच्या शेतकऱ्यांना एकत्र केले आणि गाडगीळ त्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. विद्वानाने गावच्या अर्थकारणाला हात लावला की काय होऊ शकते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. त्या कारखानदारीतून रस्ते आले, दवाखाने आले, शाळा-कॉलेजे आली.

पण त्याच साखरेच्या दुसऱ्या टोकाला बीडहून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड मजुरांना घेऊन निघणारे ट्रॅक्टर आहेत. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत हंगामभर तोड. फडात पाचटाची खोपी, पहाटेच्या अंधारात मोळी बांधणे, बाळंतपण झालेल्या बाईलाही विश्रांती नाही. वाढ झाली आणि खरोखर झाली, पण ती वाढ या माणसांच्या खोपीपर्यंत पोचली नाही. म्हणून दोन्ही वेगळे मोजावे लागतात. विद्यापीठाने गाडगीळांचा पहिला अर्धा धडा उचलला, दुसऱ्या अर्ध्याचे काम अजून बाकी आहे.

४. आमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर 'ध्येय ८' चा रंगीत अहवाल आहे. त्यावर विश्वास ठेवावा का?

अविश्वासाने सुरुवात करू नका, पण नीट वाचा. टाइम्स हायर एज्युकेशनने २०१९ पासून शाश्वत विकास ध्येयांवर विद्यापीठांची क्रमवारी काढायला सुरुवात केली, तेव्हापासून असे अहवाल वाढले. आठव्या ध्येयासाठी तिथे जे विचारले जाते ते कामाचे आहे: जगण्यापुरते वेतन देता का, संघटना मान्य करता का, बाहेरच्या कंत्राटदाराकडून काम घेताना त्याच्या कामगारांच्या हक्कांची हमी घेता का, किती कर्मचारी सुरक्षित करारावर आहेत.

अहवालात कार्यशाळेचे आणि दीपप्रज्वलनाचे फोटो असतात. ते बाजूला ठेवून तीन आकडे शोधा: मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर माणसे किती. हे तीन आकडे नसतील तर प्रश्न १९ कडे जा.

५. कॉलेज सांगते '९५ टक्के प्लेसमेंट, सर्वाधिक पॅकेज २० लाख'. प्रवेश घेऊ का?

सर्वाधिक पॅकेज एका मुलाचे असते, तुम्ही बहुधा तो मुलगा नसणार. मधला पगार विचारा, म्हणजे सगळ्यांचे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधोमध येणारा. राष्ट्रीय क्रमवारीसाठी, म्हणजे एनआयआरएफसाठी, संस्थेला मधला पगार आणि किती मुलांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली हे भरून द्यावे लागते. भाग घेणाऱ्या संस्थेने ही माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवायची असते. ती आणि जाहिरात शेजारी ठेवून वाचा. 'टक्के' कशाचे, सगळ्या मुलांचे की फक्त नाव नोंदवलेल्यांचे, हेही विचारा.

६. 'कमवा आणि शिका' योजनेत मला ग्रंथालयात काम दिले आहे. हे शिक्षण आहे की स्वस्त मजुरी?

योजनेचे मूळ अतिशय थोर आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, पुढे ती साताऱ्याला आली. सगळ्या जातींची मुले एका छताखाली राहत, स्वतः दळत, स्वतः शेतात राबत. वसतिगृह चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते याच विचारावर. फी नाही म्हणून गरिबाच्या मुलाने शिक्षण सोडू नये आणि कुणाकडे हात पसरून लाचारही होऊ नये, हा त्यामागचा भाव. आज बहुतेक विद्यापीठांत ही योजना आहे, कितीतरी मुले तिच्यावर पदवीधर झाली.

तुमच्या प्रश्नात मात्र तथ्य आहे. मी दोन गोष्टी तपासायला सांगते. तुम्ही जे काम करता ते आधी पगारी माणूस करत होता का, आणि तो निवृत्त झाल्यावर पद रिकामे ठेवून त्याचे काम मुलांवर टाकले आहे का? दुसरे, परीक्षेच्या आठवड्यात तास कमी करून मिळतात का? पुस्तकांची नोंद लावणे, प्रयोगशाळेत मदत, रोपवाटिका यांत शिकायला मिळते. रोज संडास धुवायला आणि साहेबांच्या घरी सामान पोचवायला लावत असतील तर ती कर्मवीरांची योजना राहिली नाही. विद्यार्थी विकास मंडळाच्या संचालकांकडे लेखी तक्रार करा.

मानधन महिन्याच्या महिन्याला मिळावे, हा आग्रह धरा. मेसचे पैसे पाच तारखेला भरायचे असतात आणि मानधन तीन महिन्यांनी येते, अशा वेळी मुले सावकारी अ‍ॅपकडे वळतात. हे मी जवळून पाहिले आहे.

७. ओजेटीसाठी मालक पैसे देत नाही, उलट प्रमाणपत्रासाठी माझ्याकडेच पैसे मागतो. काय करू?

पैसे देऊ नका. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ओजेटी हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. चार श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे साधारण १२० तास. जागा शोधून देणे ही महाविद्यालयाचीही जबाबदारी आहे. ती सगळी मुलांवर टाकली की बाजारात प्रमाणपत्रे विकली जाऊ लागतात, आणि तालुक्याच्या गावात, जिथे दोन सीए आणि एक पतसंस्था आहे, तिथे दीडशे मुलांनी जायचे कुठे हा खरा प्रश्न उभा राहतो.

त्यावर उपाय आहे. ग्रामपंचायतीचे दप्तर, दूध संघाची हिशेबाची खिडकी, शेतकरी उत्पादक कंपनी, प्राथमिक आरोग्य केंद्राची नोंदवही, जिल्हा सहकारी बँकेची शाखा, सगळीकडे करण्यासारखे आणि शिकण्यासारखे काम आहे. विभागप्रमुखांनी जूनमध्येच वीस पत्रे लिहिली तर जानेवारीतली धावपळ टळते. विद्यार्थ्याने मात्र पहिल्या दिवशी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात: काम काय, तास किती, देखरेख कुणाची. त्रास झाल्यास कुठे जायचे ते प्रश्न १२ मध्ये आहे.

८. ओजेटी, इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप आणि 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण' हे सगळे एकच का?

नाही. ओजेटी श्रेयांकासाठी असते. इंटर्नशिप हा ढोबळ शब्द, त्याला ठरावीक कायदा नाही. अप्रेंटिसशिप मात्र १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येते, तिचा नोंदणीकृत करार होतो आणि विद्यावेतन बंधनकारक असते. २०१९ च्या सुधारित नियमांनी पदवीधर शिकाऊचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरवले होते. करार करताना चालू दर तपासा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना राज्याने २०२४ मध्ये आणली, पदवीधराला महिना १०,००० रुपये. ते प्रशिक्षण आहे, कायम नोकरीचे वचन नाही. अर्ज भरतानाच हे घरच्यांना सांगा, म्हणजे मुदत संपल्यावर धक्का बसत नाही.

९. मी नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालो आहे, पीएच.डी. आहे आणि सात वर्षे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतो आहे. हे किती दिवस चालणार?

मला सर्वाधिक येणारा प्रश्न हाच. मीही सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. हजेरीपुस्तकात आमची नावे शेवटच्या पानावर, पेन्सिलने लिहिलेली असत. दर जूनमध्ये त्याच वर्गासाठी, त्याच विषयासाठी नव्याने मुलाखत. ऑगस्टमध्ये नेमणूक, मार्चपर्यंत तास, मानधन एकदा दिवाळीनंतर आणि एकदा थेट पुढच्या वर्षी. एप्रिल-मे कोरडा. पेपर तपासायला, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायली लावायला, निवडणुकीच्या कामाला मात्र आम्हीच.

आता नियमाकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी म्हटले आहे की कंत्राटी शिक्षक अगदी गरज असेल तेव्हाच नेमावेत, ते एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, आणि त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक एकूण वेतनापेक्षा कमी नसावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जगजित सिंग प्रकरणात समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केले. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाजूने निकाल देताना त्यांना वेतनश्रेणीतले किमान वेतन द्यायला सांगितले.

मग अडते कुठे? सीएचबीचा हिशेब तासावर होतो, महिन्यावर होत नाही, म्हणून 'हा करारच नव्हे' असे सांगितले जाते. आणि मूळ दुखणे पदभरतीचे आहे. निवृत्त झालेल्याची जागा वर्षानुवर्षे रिकामी, तिचे तास चार जणांत वाटलेले. विद्यार्थ्याचेही यात नुकसान आहे. ज्या शिक्षकाला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, तो तीन वर्षांचा संशोधन प्रकल्प मुलांबरोबर कसा सुरू करील?

तुम्ही स्वतः करायचे ते असे. दर वर्षाचे नेमणूकपत्र, वेळापत्रक आणि अनुभवाचा दाखला त्याच वर्षी घ्या. पाच वर्षांनी मागितले तर प्राचार्य बदललेले असतात. मानधन बँकेतच घ्या. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा जिल्ह्यातल्या दहा-बारा जणांनी मिळून उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात निवेदन द्या आणि पोच घ्या. न्यायालयात जायचे ठरवलेत तर हीच कागदपत्रे लागतात. आणि विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती: मानधनाची रक्कम तुमच्या हातात नसेल, पण ते महिन्याच्या महिन्याला देणे आणि नावे शाईने लिहिणे नक्कीच तुमच्या हातात आहे.

१०. मी विद्यापीठात सफाईचे काम करते, ठेकेदारामार्फत. पगारातून पीएफ कापतात पण खात्यात दिसत नाही. विद्यापीठ म्हणते 'तुमच्या ठेकेदाराला विचारा'.

ताई, विद्यापीठाला असे हात झटकता येत नाहीत. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नव्या संहितांतही आहे. पीएफ योजनेतही ठेकेदाराच्या माणसांच्या वर्गणीची जबाबदारी मूळ मालकावर टाकली आहे. मूळ मालक म्हणजे इथे विद्यापीठ.

आधी तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, ठेकेदाराकडून मागा. मुलाला किंवा वसतिगृहातल्या एखाद्या विद्यार्थिनीला उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडायला सांगा. तुमच्या पगारातून १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के जमा व्हायला हवेत. मालकाच्या हिश्श्यातला काही भाग पेन्शनकडे जातो, त्यामुळे दोन रकाने सारखे दिसणार नाहीत, त्याने घाबरू नका. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार विमाही पाहा: तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. त्यावर दवाखाना मिळतो.

मग कुलसचिवांच्या नावाने अर्ज करा आणि त्याची एक प्रत पीएफ कार्यालयाला द्या. एका विद्यापीठात काही बायकांनी फक्त एवढेच मागितले की ठेकेदाराचे बिल मंजूर करण्याआधी मागच्या महिन्याचे पीएफ चलन आणि बँकेत पगार जमा झाल्याची यादी बिलाला जोडावी. लेखा विभागाने ही अट घातली आणि त्यांचे पगार वेळेवर सुरू झाले. खर्च शून्य. निविदेत ही एक ओळ टाकायला कोणत्याही विद्यापीठाला कुणाची परवानगी लागत नाही.

निविदेचा आणखी एक दोष सांगते. सर्वात कमी दराला काम द्यायचे, आणि तो दर किमान वेतन, पीएफ, ईएसआय धरून बसतच नसेल तर तो भरून कुठून निघणार? बाईच्या पगारातूनच. किमान खर्चाच्या खालची निविदा उघडताच बाद करायला हवी.

११. वसतिगृहाची सेप्टिक टाकी तुंबली. रेक्टर म्हणतात, माणूस उतरवून एका दिवसात साफ करून घेऊ. चालेल का?

अजिबात नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीतल्या वायूने माणूस काही क्षणांत कोसळतो, वाचवायला उतरलेला दुसराही जातो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपयांची भरपाई ठरवली. नगरपालिकेची उपसा गाडी मागवा. दोन दिवस उशीर झाला तर मुलांची दुसऱ्या इमारतीत सोय करा. तुम्ही विद्यार्थी असाल आणि कुणाला उतरवताना दिसले तर तिथेच थांबवा.

१२. मी कंत्राटी आहे, मैत्रीण ओजेटीला एका दुकानात जाते. लैंगिक छळाची तक्रार आम्हाला करता येते का? अंतर्गत समिती फक्त कायम नोकरदारांची आहे असे सांगितले.

चुकीचे सांगितले. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ, प्रशिक्षणार्थी सगळ्या येतात. तुमची तक्रार विद्यापीठाच्या अंतर्गत समितीकडे जाईल. विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियमही आहेत. मैत्रिणीच्या दुकानात दहापेक्षा कमी माणसे असतील तर तिथे समिती नसते, अशा वेळी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असते. तिने कॉलेजलाही लगेच कळवावे, म्हणजे ओजेटीची जागा बदलून मिळेल आणि श्रेयांक बुडणार नाहीत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, कारण पटल्यास समिती आणखी तीन महिने वाढवू शकते.

१३. माझा करार मार्चमध्ये संपतो आणि बाळंतपण एप्रिलमध्ये आहे. रजेचा पगार मिळेल का? पीएच.डी. करणाऱ्या मैत्रिणीचे काय?

मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झाले असेल तर प्रसूती लाभाचा हक्क तयार होतो. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. करार मध्येच संपतो म्हणून लाभ थांबत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्याही कंत्राटावरच होत्या. अर्जात या निकालाचा उल्लेख करा.

पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला आयोगाच्या नियमांनुसार संशोधनाच्या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. मार्गदर्शकाला तोंडी सांगून गप्प बसू नका, संशोधन केंद्राकडे अर्ज द्या.

१४. कँटीन बचत गटाला द्यावे असे आम्हाला वाटते. पण निविदेत ते टिकत नाहीत. मार्ग आहे का?

बचत गट निविदेत हरतो तो बहुतेक वेळा पोळी महाग पडली म्हणून हरत नाही, तर अनामत रक्कम, तीन वर्षांची उलाढाल आणि मोठ्या कामाचा अनुभव या अटींमुळे हरतो. कामाचे तुकडे करा. नाश्त्याची खिडकी वेगळी, परीक्षाकाळातला डबा वेगळा, पदवीदान समारंभाचे जेवण वेगळे. अनामत कामाच्या आकारानुसार ठेवा. भाडे आणि विजेचे मीटर आधीच स्पष्ट करा. आणि बिल पंधरा दिवसांत द्या. गटाच्या बायका किराणा उधारीवर आणतात, तीन महिने बिल अडकले की गट मोडतो.

१५. कृषी विद्यापीठे वाण काढतात, पीक वाढते, आणखी काय हवे?

वाणांनी या राज्यात फार मोठे काम केले आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'भगवा' डाळिंब घ्या. सांगोल्याच्या माळरानावर, सटाण्याच्या खडकाळ जमिनीत त्याने घरे उभी केली. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रातून निघालेल्या 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' या काजूंनी सिंधुदुर्गात बागा बदलल्या.

पण एकच वाण, एकच पीक सगळीकडे पसरले की तेल्यासारखा रोग एका हंगामात गावेच्या गावे आडवी करतो. तेव्हा शेतकऱ्याबरोबर छाटणीची टोळी आणि पॅकिंग शेडमधल्या बायकाही बसून राहतात. शाश्वत वाढ म्हणजे इथे पिकांची फेरपालट, पाण्याचा हिशेब आणि रोगाला तोंड देणारे वाण.

आणि काम करणाऱ्या हाताचाही अभ्यास व्हायला हवा. काजू फोडताना टरफलातले तेल हाताला लागते आणि कातडी भाजते. बायका बोटांना राख किंवा गोडेतेल चोळून बसतात, तरी काळे पडलेले व्रण जात नाहीत. बोटांना न अडणारा, परवडणारा हातमोजा किंवा बसून चालवायचे कटर करणे हा कृषी अभियांत्रिकीच्या मुलांचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प का असू नये? पुरुषाच्या आणि बाईच्या मजुरीत फरक किती, याची नोंद विद्यापीठाच्या लागवड खर्चाच्या तक्त्यात वेगळी का दिसू नये?

१६. आमचे तालुक्याचे छोटे कॉलेज. ना निधी, ना उद्योग. आम्ही काय करणार?

तुम्हीच सर्वात जास्त करू शकता, कारण माणसे तुमच्या दारात आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात मंदिराची रंगरंगोटी करण्यापेक्षा घरोघर जाऊन असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी करा, बांधकाम मजुरांचे कल्याण मंडळाचे अर्ज भरा (त्याला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तिथेच लोक अडतात), पीएफ पासबुक उघडून दाखवा. वाणिज्य शाखेच्या मुलांना हे दोन तासांत शिकवता येते.

अभ्यासाची दिशा पाहायची असेल तर आयआयटी मुंबईचे ग्रामीण तंत्रज्ञानाचे 'सितारा' केंद्र पाहा. तिथली मुले नळपाणी योजना का बंद पडल्या याचा प्रत्यक्ष गावात जाऊन अभ्यास करतात. राज्याने त्याच धर्तीवर उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले, त्यात जिल्ह्यातली अभियांत्रिकी महाविद्यालयेही येतात. प्रश्न तालुक्याचा, अहवाल मराठीत, आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवायचा, एवढे जमले तरी खूप.

१७. माझे आई-वडील ऊसतोडीला जातात, मलाही हंगामात जावे लागते. हजेरी ७५ टक्के होत नाही. परीक्षेला बसू देतील का?

हजेरीच्या अटीत सूट देण्याचा अधिकार सहसा मर्यादित आणि आजारपणापुरता असतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात अर्ज करून उपयोग होत नाही. जायच्या आधीच प्राचार्यांना लेखी कळवा, शक्य तर ग्रामसेवकाचा दाखला जोडा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहे आहेत. जागा मिळाली तर तुम्ही मागे राहू शकता. नाहीच जमले तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. तीत कमीपणा काही नाही.

विद्यापीठांना मात्र सांगते: अशा मुलांसाठी हंगामानुसार सत्र, कारखान्याजवळच्या महाविद्यालयात तात्पुरती हजेरी, हे विद्वत परिषदेला ठरवता येण्यासारखे आहे. पालकाच्या कर्जापायी हातात कोयता घेतलेल्या मुलाला गैरहजर म्हणून बाद करणे हा अन्याय आहे.

१८. मी विनाअनुदानित कॉलेजात आहे. बँकेत पूर्ण पगार जमा होतो, मग त्यातला निम्मा रोखीने परत मागतात. तक्रार केली तर नोकरी जाईल.

हे किती जणांनी लिहिले आहे ते सांगताना मला वाईट वाटते. कागदोपत्री संस्था स्वच्छ दिसते, आणि प्राप्तिकर मात्र तुम्ही पूर्ण पगारावर भरता. खासगी विद्यापीठे २०१६ च्या अधिनियमाखाली येत नाहीत, पण वेतन, पीएफ, प्रसूती लाभ, लैंगिक छळविरोधी कायदा त्यांनाही लागू आहे. संलग्न विनाअनुदानित महाविद्यालय असेल तर संलग्नतेच्या अटीही आहेत.

एकदम तक्रार करा असे मी म्हणणार नाही, घर तुम्हाला चालवायचे आहे. पण पुरावा आजपासून जमवा: पगाराच्या दुसऱ्याच दिवशी तेवढीच रक्कम काढल्याच्या बँक नोंदी, तारखा, कुणाला दिले ते. शक्य तिथे रोख न देता धनादेशाने द्यायची तयारी दाखवा. ते नको म्हणतील, तो निरोप मोबाइलवर लेखी ठेवा. शिक्षक संघटनेचे सभासद व्हा. विद्यापीठाच्या संलग्नता समितीने भेटीत शिक्षकांशी व्यवस्थापनाच्या माणसाशिवाय बंद खोलीत बोलावे, ही मागणी संघटनेने लावून धरायला हवी.

१९. हे सगळे आकडे मागायचे कसे? कार्यालयात कुणी दाद देत नाही.

माहिती अधिकारात. सार्वजनिक विद्यापीठ आणि अनुदानित महाविद्यालय दोन्ही त्याखाली येतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत, त्यामुळे सगळे एकत्र विचारू नका. 'का' असेही विचारू नका, दस्तऐवजाची प्रत मागा. उदाहरणार्थ: मागील तीन वर्षांतील मंजूर, भरलेल्या व रिक्त शिक्षकपदांचा विभागनिहाय तक्ता. दुसऱ्या अर्जात: सफाई व सुरक्षा कंत्राटाचा करारनामा आणि शेवटच्या सहा महिन्यांच्या बिलांसोबतची पीएफ व ईएसआय चलने. तिसऱ्यात: सीएचबी मानधन अदा केल्याच्या तारखा.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले, तर त्यापुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील करा. सफाई कामगाराने किंवा सीएचबी शिक्षकाने स्वतःच्या नावाने अर्ज करू नये असे मला वाटते. एखाद्या माजी विद्यार्थ्याने तो करावा. आवक शिक्का मारलेली पोच फाइलला लावा आणि तिचा फोटो आणखी दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.